विनोदी व्हिडिओ गेम लेखक आणि पॉडकास्टकार : ही वाट सांगलीतून चालता येईल का?

हळदीचा हिशेब (सांगली)

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे अडतीचे दुकान आहे आणि मी तेथे हिशेब पाहतो. वय पंचवीस. महाविद्यालयात असताना मी तीन विनोदी एकांकिका लिहिल्या. त्यांपैकी एक अंतिम फेरीपर्यंत गेली, एक प्राथमिक फेरीतच संपली, आणि तिसरीला प्रेक्षक नेमके तेथे हसले जेथे त्यांनी हसू नये अशी माझी अपेक्षा होती.

गेली दोन वर्षे मी ‘डंजन्स अँड डॅडीज’ हा इंग्रजी पॉडकास्ट नियमाने ऐकतो. त्यात काही जण एकेक पात्र घेऊन, फासे टाकीत, कथेचा खेळ खेळतात. चार बाप मुलांना खेळाच्या स्पर्धेसाठी गाडीतून घेऊन निघतात, वाटेत सगळेच एका जादूच्या जगात फेकले जातात आणि हरवलेल्या मुलांना शोधताना बापांची त्रेधातिरपीट उडते, अशी त्याची मूळ कल्पना आहे. तो खेळ चालविणारा अँथनी बर्च हा ‘बॉर्डरलँड्स २’ या व्हिडिओ गेमचा प्रमुख लेखक होता, हे मला अगदी अलीकडे कळले. तो गेम मी महाविद्यालयाच्या वसतिगृहात रात्र रात्र जागून खेळलो होतो. पण त्याला लेखक असतो हे तेव्हा मनातही आले नव्हते.

असे काम करायचे आहे, हे मी घरी सांगितले. वडिलांनी शांतपणे विचारले, “खेळात लिहिण्यासारखं काय असतं? खेळ खेळायचा असतो.” मला उत्तर देता आले नाही. म्हणून येथे विचारतो. अशी कारकीर्द प्रत्यक्षात घडते कशी? हा लेखक दिवसभर नेमके काय लिहितो? आणि यातले काही सांगलीत राहून, शक्य झाल्यास मराठीत, करता येण्यासारखे आहे का?

अजिंक्यताऱ्याखालचा (सातारा, सध्या पुणे)

मी मूळचा साताऱ्याचा. पुण्यात गेम बनविणाऱ्या कंपन्यांत अकरा वर्षे काम करतो आहे. लेखक नाही, खेळाच्या पातळ्यांची रचना करतो. मात्र लेखकांच्या शेजारी बसून त्यांची फजिती रोज पाहतो, त्या अधिकारावर लिहितो.

आधी बर्च यांच्याविषयी. त्यांनी अर्ज करून लेखकाची नोकरी मिळविली आणि मग लिहायला सुरुवात केली, असे झाले नाही. क्रम बरोबर उलटा आहे. ते ‘डिस्ट्रक्टॉइड’ या गेमविषयक संकेतस्थळावर लेख लिहीत आणि चित्रफिती करीत. २००८ मध्ये त्यांनी आपली बहीण ॲशली हिच्याबरोबर ‘हे ॲश, व्हॉचा प्लेइंग?’ या नावाच्या छोट्या विनोदी चित्रफितींची मालिका सुरू केली. घरातली खोली, बहीण-भाऊ, एखाद्या गेममधील एखादी विसंगती आणि काही मिनिटांचा प्रवेश, एवढाच तिचा पसारा होता. काही भागांत त्यांचे वडीलसुद्धा दिसतात (ही गोष्ट तुमच्या वडिलांना अवश्य सांगा). ‘बॉर्डरलँड्स २’ बनविणाऱ्या, टेक्सासमधील गिअरबॉक्स या कंपनीने त्यांना घेतले, तेव्हा त्यांना विनोद जमतो का, आणि तो गेमविषयी जमतो का, हे तपासण्यासाठी परीक्षा घेण्याची गरज उरली नव्हती. उत्तरपत्रिका आधीच जगासमोर होती. ‘बॉर्डरलँड्स २’ सप्टेंबर २०१२ मध्ये आला आणि त्यातील टायनी टीना या स्फोटकवेड्या मुलीला आवाज दिला तो ॲशलीनेच.

आता तुमच्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो चांगला प्रश्न आहे आणि बऱ्याच होतकरू लेखकांना तो पडतच नाही. खेळ खेळायचा असतो हे अगदी खरे, आणि म्हणूनच त्यातील विनोद नाटकातल्यासारखा लिहिता येत नाही. नाटकात टाळी कोठे येणार याचा अंदाज बांधून नट क्षणभर थांबतो. गेममध्ये तो क्षण तुमच्या हातात नसतो, कारण तुमचे पात्र हृदय पिळवटणारे भाषण करीत असताना खेळणारा कोपऱ्यातली पेटी उघडून त्यात गोळ्या आहेत का ते पाहत असतो. या अडचणीतून निघालेला एक नमुना ‘बॉर्डरलँड्स २’मध्येच आहे. त्यात एक वेडा मनुष्य वाटेत उभा राहून “माझ्या तोंडावर गोळी मार” असे ओरडत असतो. काम तेवढेच. गोळी मारली की काम फत्ते. पण तुम्ही थांबलात तर तो विनवणी करतो, चिडतो, पुन:पुन्हा तेच आणि तरीही वेगळे बोलत राहतो. येथे विनोदाचा शेवटचा शब्द लेखकाचा नसून खेळणाऱ्याच्या बोटाचा आहे. किती वेळ थांबायचे हे तोच ठरवितो आणि तेवढ्या वेळाची तरतूद लेखकाला करून ठेवावी लागते.

दिवसभर काय लिहितात, याचे खरे उत्तर मात्र यापेक्षा रूक्ष आहे. मोठ्या कथाप्रवेशांच्या वाट्याला कामाचा थोडाच भाग येतो. उरलेला वेळ जातो तो ‘बार्क’ लिहिण्यात. शत्रूने बंदूक भरताना, दुकानदाराने गिऱ्हाईक आल्यावर, जखमी सोबत्याने हाक मारताना म्हणायची ही एका श्वासातली वाक्ये. ती कोष्टकात लिहिली जातात : एका रकान्यात पात्र, दुसऱ्यात प्रसंग, तिसऱ्यात वाक्य, चौथ्यात आवाज देणाऱ्यासाठी सूचना. एकाच प्रसंगासाठी दहा, पंधरा, कधी त्याहून अधिक पर्याय द्यावे लागतात, कारण खेळणारा तो प्रसंग शेकडो वेळा अनुभवणार असतो.

तुमच्याच यार्डातले उदाहरण घेऊ. हमाल पाठीवर पोते घेऊन दिवसभर वाट मागत असतो. त्याच्यासाठी बारा वाक्ये लिहायला बसलात की पहिल्यांदा सुचते ते असे : “सरा बाजूला, पाठीवर हळद न्हाई, माझं नशीब हाय!” पहिल्यांदा हसू येईल, तिसऱ्यांदा कंटाळा येईल, दहाव्यांदा खेळणारा आवाज बंद करील. शेवटी टाळी घेणारा विनोद बार्कमध्ये लवकर मरतो, तर स्वभावातला विनोद टिकतो. समजा, हाच हमाल सकाळी “सरा हो मालक, जरा वाट द्या, पोतं हाय” असे साग्रसंगीत बोलतो, दुपारी “सरा, सरा” एवढ्यावर येतो आणि संध्याकाळी त्याच्या तोंडून नुसता “सऽऽ” निघतो. यात एकही विनोद नाही. तरी दिवसभर यार्डात फिरणाऱ्याला संध्याकाळी हसू फुटेल, आणि त्याला थोडे वाईटही वाटेल. अशी बारा वाक्ये लिहून पाहा. ती जमली तर तुमच्या एकांकिकांपेक्षा मी त्या कोष्टकाला अधिक मान देईन.

एक दोषही नोंदवितो. ‘बॉर्डरलँड्स २’मध्ये त्या काळी इंटरनेटवर गाजत असलेल्या थट्टेचे संदर्भ पुष्कळ होते आणि त्यावर टीका झाली. गेम तयार होण्यास वर्षे लागतात, पुढे तो दशकभर खेळला जातो. आजचा चुटका तोवर शिळा होतो. हमालाचा “सऽऽ” शिळा होणार नाही.

बतावणी (कवलापूर)

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु त्यात एका गोष्टीवरून फार घाईने पुढे जाणे झाले आहे : बहीण.

माझे वय साठीच्या पुढे आहे. हयात नाटकांच्या आणि तमाशाच्या मागे गेली. व्हिडिओ गेममधले मला मुलाने दाखविले तेवढेच कळते. आमच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. ‘जहरी प्याला’ या वगातले त्यांचे हवालदार पाहिलेल्या मनुष्याला, त्यांतील हशाचा अर्धा भाग लिहिलेल्या वाक्यात नव्हता, हे वेगळे सांगावे लागत नाही. एकाने काय टाकायचे आणि दुसऱ्याने ते कसे झेलायचे हे इतके मुरलेले होते की झेलताना चुकले तरी त्याचाच विनोद होत असे. बतावणीत संहिता म्हणजे आराखडा. गावागणिक, प्रेक्षकांगणिक, त्या दिवशी पाऊस पडला की नाही त्यागणिक ती बदलते. तुम्ही सांगता तो पॉडकास्ट मी मुलाच्या मदतीने थोडा ऐकला. इंग्रजी सगळे कळले नाही, पण प्रकार ओळखीचा वाटला. सूत्रधार प्रसंग मांडतो, बाकीचे त्यात उड्या मारतात, आणि वीस बाजूंचा फासा पडला की सूत्रधाराचे ठरविलेलेही मोडते. ठरविलेले मोडल्यावर जो माणूस घाबरत नाही तो सोंगाड्या होतो. बाकीच्यांनी लिहावे.

मुलाने मला पूर्वी ‘मंकी आयलंड’ नावाचा १९९० चा एक गेम दाखविला होता, त्याची येथे आठवण होते. त्यात तलवारबाजी आहे, पण जिंकतो तो तलवार चांगली चालविणारा नव्हे, तर टोमण्याला नेमका प्रतिटोमणा देणारा. द्वंद्वागणिक नवे टोमणे आणि त्यांची उत्तरे शिकत जायचे. गंमत पुढे आहे : सर्वांत श्रेष्ठ तलवारपटूसमोर उभे राहिले की तिचे टोमणे सगळे नवे असतात, आणि तुमच्याजवळची जुनीच उत्तरे त्या नव्या टोमण्यांना बसवावी लागतात. मी मुलाला म्हणालो, हा तर कलगी-तुरा झाला! एकच उत्तर दोन सवालांना चपखल बसेल असे रचणे किती अवघड आहे, हे शाहिराला विचारा. त्या गेमच्या लेखकांना आपला फड ठाऊक असण्याचे कारण नाही, पण कारागिरी तीच आहे, आणि ती आपल्या भागात घरोघर होती. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभे केले, तेथल्या मुलाने “येथून हे जमेल का” असे विचारावे, याचे मला थोडे हसू आले, रागावू नका.

माझा सल्ला एवढाच की एकट्याने माइकसमोर बसू नका. ज्याच्याशी बोलताना तुम्ही आपोआप विनोदी होता असा एक माणूस शोधा. नात्यातला असल्यास उत्तम, कारण तो खोटे हसणार नाही.

प्रीतिसंगम (कराड)

सर्वांचा उत्साह पाहून पैशांविषयी कोणी बोलणार नाही असे दिसते, म्हणून मी बोलतो. मी काही काळ बाहेरून गेमसाठी लेखन करून देत असे. एका कंपनीने मोबाइल गेमसाठी तीनशे वाक्ये लिहून घेतली, त्यांपैकी चाळीस वापरली, आणि चाळिसांचेच पैसे दिले. तेव्हापासून मी वाक्यांच्या संख्येवर नव्हे तर कामाच्या दिवसांवर मोबदला ठरवितो आणि तो आधी लिहून घेतो. तुम्हीही तसेच करा.

बर्च यांच्यासारखे दुसरे उदाहरण एरिक वोल्पॉ यांचे. चेट फॅलिझेक यांच्यासह ते ‘ओल्ड मॅन मरे’ नावाचे खवचट संकेतस्थळ चालवीत. गेम सुरू झाल्यापासून पहिले लाकडी खोके दिसेपर्यंत किती सेकंद लागतात यावरून गेमची लायकी ठरविण्याची त्यांची मोजपट्टी प्रसिद्ध आहे. खोके दिसले की रचनाकारांच्या कल्पना संपल्या, असा तिचा तर्क. हा खवचटपणा वाचूनच गेमवाल्यांनी त्यांना बोलावले. टिम शेफर या गेमकर्त्यांबरोबर त्यांनी २००५ चा ‘सायकोनॉट्स’ लिहिला, पुढे व्हॉल्व्ह कंपनीत २००७ चा ‘पोर्टल’. खुद्द शेफर यांची कथा तर याहून मजेदार आहे. १९८९ च्या सुमारास लुकासफिल्मच्या गेम विभागासाठी फोनवर मुलाखत देताना, मला तुमचा अमुक गेम आवडतो, असे त्यांनी सांगितले. दुर्दैवाने त्यांनी घेतलेले नाव चोरून काढलेल्या प्रतीवरचे होते, मूळ गेमचे नाव वेगळे होते, आणि चोरी उघडी पडली. मग त्यांनी अर्जाचे पत्रच एका छोट्या सचित्र साहसी खेळाच्या रूपात लिहून पाठविले, ज्यात नायक तीच नोकरी मिळवितो. नोकरी मिळाली.

या कथा खऱ्या असल्या तरी त्या पोहोचलेल्यांच्या आहेत. आजची स्थिती अशी की यूबीसॉफ्ट कंपनीने मार्च २०२३ मध्ये ‘घोस्टरायटर’ नावाचे साधन जाहीर केले. ते नेमके बार्कचेच पहिले खर्डे यंत्राकडून लिहून घेते आणि लेखक त्यांतून निवड व दुरुस्ती करतो. नवशिका ज्या पायरीवरून आत शिरत असे तीच ही पायरी. आवाजाचेही तसेच, यंत्राने कलाकारांचे आवाज वापरण्यावरून अमेरिकेतील कलाकारांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये गेम कंपन्यांविरुद्ध संप पुकारला आणि तो जवळजवळ वर्षभर चालला. पॉडकास्टकडे पाहायचे तर बर्च आणि त्यांचे सहकारी श्रोत्यांच्या मासिक वर्गणीवर आणि जाहिरातींवर उभे आहेत. पण तो पॉडकास्ट २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यांच्या गाठीला दहा वर्षांचे नाव होते, आणि सहकाऱ्यांपैकी काही जण रॉकेटजंप या चित्रफिती बनविणाऱ्या संस्थेत आधी एकत्र काम केलेले होते. शून्यातून वर्गणी येत नाही.

दुकान सोडू नका. हे निरुत्साह म्हणून नव्हे, तर हिशेब म्हणून सांगतो आहे. तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल.

अजिंक्यताऱ्याखालचा (सातारा, सध्या पुणे)

कराडकरांच्या म्हणण्याला एक जोड. घोस्टरायटरसारखे साधन हमालाची बारा वाक्ये क्षणात देईल आणि ती बाराही “नशीब हाय” या जातीची असण्याची शक्यता मोठी आहे. सकाळ ते संध्याकाळ आवाज विरत जाण्याची युक्ती सुचायला यार्डात उभे राहावे लागते.

आणि बतावणी यांच्या म्हणण्यालाही एक. २०१३ मध्ये ‘बॉर्डरलँड्स २’ला जोडून एक नवे प्रकरण आले, त्यात टायनी टीनाच फाशांचा खेळ चालविते आणि बाकीची पात्रे तो खेळतात. सुरुवातीलाच ती समोर असा राक्षस उभा करते की त्याला हरविणे अशक्य. सगळे तक्रार करतात, तेव्हा ती मुकाट्याने त्याला बदलते. मरण पावलेल्या सोबत्याला ती आपल्या कथेत जिवंत ठेवते, आणि तो गेला आहे हे कोणी बोलू लागले की विषय टाळते. थट्टेच्या आड शोक लपविणारी ही सूत्रधार मुलगी पाहिली की बर्च पुढे स्वत: सूत्रधार होऊन पॉडकास्ट करू लागले याचे नवल वाटत नाही. लेखन आणि पॉडकास्ट हे दोन व्यवसाय नव्हेत. एकाची तालीम दुसऱ्यात झाली आहे.

हळदीचा हिशेब (सांगली)

सर्वांचे मन:पूर्वक आभार. दुकान सोडणार नाही. माझी चुलतबहीण मिरजेत असते. तिच्याशी बोलताना मी बरा असतो असे घरचे म्हणतात, तिला विचारले आहे. एक कल्पना सुचली आहे. हरिपूरला हळद साठविण्याची जमिनीखालची पेवे होती, २००५ च्या महापुरात त्यांतील बरीच खचली. पेव उघडल्यावर आत लगेच उतरत नाहीत, कारण आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. तोंड उघडे ठेवून वाट पाहावी लागते. त्या वाट पाहण्याच्या वेळेत पेवाच्या काठावर बसलेल्या चार माणसांचे बोलणे, आणि खेळणारा त्यांतला पाचवा, असा निव्वळ मजकुराचा छोटा गेम करावा असे वाटते. मराठीत करायचा झाल्यास कशात करू?

वेलांटी (वाई)

साधनाविषयी मी सांगू शकेन. देवनागरीत करायचे असल्यास यूनिटी या गेम बनविण्याच्या साधनापासून सुरुवात करू नका. त्यातील नेहमीची मजकूर दाखविणारी व्यवस्था जोडाक्षरे स्वत:हून जुळवीत नाही; ‘किती’ लिहिले की पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे जाऊन बसते आणि ‘शक्ती’ची मोडतोड होते. त्यावर उपाय आहेत, पण तुमचे दोन महिने विनोदाऐवजी वेलांट्यांत जातील. माझे गेले आहेत.

‘ट्वाइन’ वापरा. २००९ पासून उपलब्ध असलेले हे मोफत साधन आहे, त्यातला गेम ब्राउझरमध्ये चालतो आणि ब्राउझर देवनागरी बिनचूक दाखवितो. शाखांचे संवाद जास्त झाले की ‘इंक’ या शाखांचे संवाद लिहिण्याच्या संगणकीय भाषेकडे वळा. ‘८० डेज’ या २०१४ च्या गेमच्या कर्त्यांनी ती पुढे सर्वांसाठी खुली केली, आणि तीही वेबपानावर चालते. पुढे चित्रे, हालचाल हवी असल्यास गोडो या गेम बनविण्याच्या साधनाची चौथी आवृत्ती पाहा, तिच्यात जोडाक्षरांची सोय मुळातच आहे. तयार झालेला गेम इच डॉट आयओ या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवता येतो. चार माणसे वाट पाहत बसली आहेत ही कल्पना ट्वाइनला फार सोयीची आहे, कारण खेळणारा काहीच न करता नुसता ‘थांबा’ हा पर्याय निवडत राहिला तरी प्रत्येक वेळी नवे वाक्य दाखविता येते. अजिंक्यताऱ्याखालचे यांनी सांगितलेल्या त्या ओरडणाऱ्या वेड्याची आठवण झाली.

हळदीचा हिशेब (सांगली)

ट्वाइन उतरवून घेतले. बहिणीचा होकार आला आहे. रविवारी गोदामात ध्वनिमुद्रण करणार आहोत, पोत्यांच्या थप्पीमुळे तेथे आवाज घुमत नाही असे लक्षात आले.

हमालाची बारा वाक्ये काल रात्री लिहिली आणि कागद गल्ल्यावर विसरलो. सकाळी दुकानात गेलो तेव्हा वडिलांनी त्यांतली सात खोडली होती. “हमाल असं बोलत नाहीत,” एवढेच म्हणाले आणि बाजूला स्वत:च्या हाताने तीन लिहून दिली. तिन्ही माझ्या बाराहून चांगली आहेत. अडचण अशी की तिसऱ्यात एक शिवी आहे, ती काढली की वाक्य पांगळे होते, आणि ते वाक्य बहीण म्हणणार आहे. अशा ठिकाणी तुम्ही काय करता?